जहाज सुटायच्या आत एफेसस: स्वतःची गाडी करावी की जहाजाची सहल घ्यावी?

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न इतरांच्याही उपयोगाचा आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही साताऱ्याचे सहा जण, म्हणजे तुम्ही-काकू, तुमचे धाकटे भाऊ-भावजय आणि व्याही-विहीणबाई. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून जहाजावर चढणार. वाटेत तुर्कस्तानातले कुशादासी, मग ग्रीसमधले सँतोरिनी आणि कताकोलो, पुढे इटलीतले नेपल्स, आणि शेवटी रोमजवळच्या चिव्हितावेक्कियाला उतरणार. काकूंचा एक गुडघा बदलून दीड वर्ष झालंय. जहाज कंपनीच्या सहली महाग वाटताहेत आणि पुतण्या म्हणतोय, सहा जणांत स्वतःची गाडी करा. काकूंना मात्र एकच भीती आहे: आपण अवशेष बघत राहिलो आणि जहाज निघून गेलं तर?

मी सांगलीहून सहली काढते, या धंद्यात बावीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर साठी-सत्तरीतल्या मंडळींना घेऊन गेले आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या प्रश्नाला सगळ्या बंदरांसाठी एकच उत्तर नाही. कुशादासी आणि कताकोलोला डोळे मिटून स्वतःची गाडी करा. सँतोरिनीला करू नका. नेपल्सला दोन गट पाडा. शेवटच्या दिवशी गाडी जरूर घ्या, पण रोमला जाऊ नका.

आधी काकूंच्या भीतीबद्दल, कारण ती रास्त आहे. जहाज कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर कंपनी स्वतःच्या खर्चानं तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवते. तुम्ही बाहेरून केलेल्या गाडीसाठी कुणी थांबत नाही. सहली महाग असण्यात या हमीची किंमतही धरलेली असते. म्हणून प्रत्येक बंदरावर स्वतःला एकच विचारायचं, ही हमी आपल्याला इथं लागणार आहे का? कुशादासीहून एफेसस, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन शहराचे अवशेष, जेमतेम वीस किलोमीटर, गाडीनं अर्धा तास. रस्त्यात काहीही झालं, टायर फुटला, दुसरी टॅक्सी करावी लागली, तरी तुम्ही वेळेत परत याल. चिव्हितावेक्कियाहून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, वर रोमची वाहतूक. जहाज परत पकडायचं असतं तर तिथं मी जहाजाचीच सहल घ्यायला सांगितली असती. नकाशा उघडून बंदरापासूनचं अंतर बघा, निम्मा निर्णय तिथंच होतो.

उरलेला निर्णय घड्याळाचा. मी सहलीचा आराखडा नेहमी शेवटाकडून मांडते. तुमच्या वेळापत्रकात कुशादासीला जहाज सकाळी ७ ला लागतं आणि संध्याकाळी ५ ला सुटतं. पण ५ हा आकडा विसरून जा. सगळ्यांनी चढलेलं असण्याची वेळ त्याच्या निदान अर्धा तास आधीची असते, म्हणजे साडेचार. ती वेळ आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकावर आणि उतरताना शिडीजवळच्या फलकावर लिहिलेली असते, रोज वाचायची. साडेचारच्या दीड-दोन तास आधी आपण बंदराच्या फाटकावर हवं. म्हणजे अडीच-तीन. मग जेवण, संग्रहालय, अवशेष असं एकेक मागं मांडत जायचं. सकाळी ८ पासून पुढं मोजत गेलं की दिवस मोठा वाटतो आणि माणूस त्यात चौथं ठिकाण कोंबतो. शेवटाकडून मोजलं की खरा हातात असलेला वेळ दिसतो, साधारण सहा तास.

यातच एक बारीक गोष्ट आहे, तिच्यामुळं मी माणसांना धावताना पाहिलंय. मोबाइल त्या गावच्या टॉवरची वेळ आपोआप पकडतो, जहाज मात्र स्वतःच्या वेळेनं चालतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ग्रीस आणि तुर्कस्तानची वेळ सारखी असते, त्यामुळं तिथं अडचण नाही. कताकोलोहून नेपल्सकडं जाताना इटलीची वेळ एक तास मागं येते. जहाजानं घड्याळ बदललं की नाही, हे जहाजावर विचारूनच उतरायचं. सोपा उपाय म्हणजे एक साधं, काट्यांचं मनगटी घड्याळ न्या आणि ते कायम जहाजाच्या वेळेवर ठेवा. माझ्या गटात ते घड्याळ एकाच माणसाकडं असतं आणि दिवसभर सगळे त्यालाच वेळ विचारतात.

आता एफेसस. यावर मी जास्त बोलणार, कारण स्वतःच्या गाडीचा खरा उपयोग इथं कळतो आणि जागाही तशी आहे.

एफेससला दोन दारं आहेत, एक वर टेकडीच्या अंगाला आणि एक खाली जुन्या बंदराच्या बाजूला. सगळ्या सहली वरच्या दारानं आत जातात आणि उतरत उतरत खालच्या दारानं बाहेर पडतात. दीड-दोन किलोमीटर चाल, सगळी उताराची, म्हणून ‘सोपी’ असं सांगतात. दमा असलेल्याला ती सोपी आहे. गुडघा बदललेल्याला नाही. काकू कधी सज्जनगडावर गेल्या असतील तर त्यांना ठाऊक असेल, चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे बोलतात. त्यात एफेससच्या रस्त्याचा संगमरवर शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झालेला आहे. रात्री दव पडलं की सकाळी साडेआठला तो ओल्या फरशीसारखा असतो. चपला, सँडल नकोत. रबरी तळाचे, आधी महिनाभर वापरून सैल झालेले बूट हवेत. घडीची काठीही न्या, काकूंना तिची लाज वाटत असली तरी न्या.

जहाजाच्या सहलीत चाळीस जणांबरोबर काकूंना हाच उतार उतरावा लागला असता आणि मागं पडल्याच्या संकोचानं त्या घाईनं चालल्या असत्या. स्वतःच्या गाडीत दुसरा मार्ग आहे. बाकी चार जण गाइडबरोबर वरच्या दारानं जा. काकू आणि त्यांच्या सोबतीला एक जण तासाभरानं चालकाबरोबर खालच्या दारी उतरा. तिथून थिएटरच्या समोरून संगमरवरी रस्त्यानं सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंतचा भाग बराचसा सपाट आहे, सावकाश चालून पंधरा-वीस मिनिटांचा. ग्रंथालयासमोर सगळे भेटा. शहरातलं सर्वांत सुंदर ते काकूंना बघायला मिळतं आणि गुडघ्याला उतार पडत नाही. हे गाइडला आधी मेलवर कळवून ठेवा. चांगला गाइड लगेच हो म्हणतो, कारण खालच्या भागाची गोष्ट तो तसाही ग्रंथालयाजवळच सांगणार असतो.

वरून येणाऱ्यांना क्युरेटीस रस्ता लागतो. त्याच्या तोंडाशी हर्क्युलिसचं दार आहे, दोन खांबांमधली जागा मुद्दाम अरुंद ठेवलेली, चाकाची वाहनं आत येऊ नयेत म्हणून. तिथं उभं राहून खाली पाहिलं की रस्त्याच्या टोकाला ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत दिसते. ही भिंत पडलेली होती. १९७० ते १९७८ या काळात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी सापडलेले दगड जुळवून ती पुन्हा उभी केली. टिबेरियस ज्युलियस सेल्सस हा रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांताचा राज्यपाल होता. त्याच्या मुलानं बापाचं स्मारक म्हणून दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात हे ग्रंथालय बांधायला घेतलं. सेल्ससची कबर खाली तळघरात आहे. वर सुमारे १२,००० हस्तलिखित गुंडाळ्यांचा संग्रह आणि खाली ज्याच्या नावानं तो केला तो माणूस, ही गोष्ट ऐकताना आमच्या गटातले एक निवृत्त मुख्याध्यापक पायरीवर बसले ते दहा मिनिटं उठलेच नाहीत. दाराशी चार स्त्रियांचे पुतळे आहेत, शहाणपण, सद्गुण, विचार आणि ज्ञान यांचे. ते प्रतिकृती आहेत, मूळ पुतळे व्हिएन्नात. तुमची भावजय शिक्षिका होती असं तुम्ही लिहिलंय, त्यांना इथं वेळ द्या.

पुढं थिएटर, सुमारे २५,००० माणसं बसतील एवढं. त्याच्यासमोरून खांबांचा एक रुंद रस्ता सरळ जातो आणि झुडपांत संपतो. तो रस्ता बंदराचा होता. आज समुद्र तिथून पाच किलोमीटरहून लांब आहे. कुचुक मेंडेरेस नदीनं गाळ आणून आणून बंदर भरून टाकलं, व्यापार हटला, माणसं हटली, शहर ओस पडलं. हे सांगताना मला गाइडची गरज लागत नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या गावभागात मावशीच्या घरातला गाळ आम्ही चार दिवस घमेल्यानं बाहेर काढत होतो. नदी काय आणून टाकू शकते हे कृष्णाकाठच्या माणसाला हातांनी माहीत आहे.

मधल्या डोंगरउतारावरची श्रीमंतांची घरं, टेरेस हाउसेस, छताखाली आहेत. भिंतींवरची चित्रं आणि जमिनीवरचे मोझेक (रंगीत खड्यांची नक्षी) अजून शाबूत. पण आत सगळा जिन्यांचा मार्ग आहे. तुम्ही आणि भाऊ जा, काकूंनी नको. वरच्या आणि खालच्या दाराजवळ स्वच्छतागृहं आहेत, मध्ये भरवशाची सोय नाही, तेव्हा आत शिरण्याआधीच आटपून घ्या. साठीनंतर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची असते आणि कुठल्याही माहितीपत्रकात ती लिहिलेली नसते.

तर माझा आराखडा असा: पावणेआठला जहाजावरून खाली, ८ ला गाडीत, साडेआठला वरच्या दारी. जहाजांच्या बस नऊनंतर एकामागून एक येतात, त्यांच्या पुढं राहिलात तर क्युरेटीस रस्ता मोकळा मिळतो. सव्वाअकरापर्यंत खालच्या दारातून बाहेर. मग सेल्चुक गावातलं एफेसस संग्रहालय, गार आणि बसायला जागा असलेलं, तिथं आर्टेमिस देवीच्या मूळ मूर्ती आहेत. साडेबाराला जेवण. गोझलेमे मागा, पालक किंवा बटाटा भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी असते, आपल्या मंडळींना हमखास आवडते. मसुराचं सूप छान असतं, पण त्यात मांसाचं पाणी आहे का ते विचारून घ्या. पावणेदोनला आर्टेमिसच्या देवळाची जागा, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज तिथं तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे आणि वर बहुतेक वेळा करकोच्याचं घरटं. पंधरा मिनिटं पुरतात. अडीचला बंदर. साडेचारपर्यंत दोन तास हाती.

गाडीवाला यात मेरीमातेचं घर, शिरिंजे गाव आणि समुद्रकिनाराही सुचवेल. नम्रपणे नाही म्हणा. स्वतःच्या गाडीनं तुम्हाला जो वेळ मिळतो तो काकूंच्या चालीनं चालण्यासाठी आहे. तो आणखी दोन ठिकाणांवर खर्च केला तर जहाजाचीच धावपळ तुम्ही जास्त कष्टानं विकत घेतली, असं होईल. हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण सुरुवातीच्या वर्षांत मीच ही चूक केली आहे. एका गटाला एका दिवसात पाच ठिकाणं दाखवली. घरी आल्यावर फोटो बघताना कुणालाही कुठला खांब कुठला ते सांगता येईना.

दुकानांबद्दल वेगळं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी भूमध्य समुद्रातल्याच एका बंदरावर आमच्या आठ जणांच्या गटाला चालकानं ‘पाच मिनिटं, पाणी प्यायला’ म्हणून गालिच्यांच्या दुकानात नेलं. चहा आला, गालिचे उलगडले गेले, दार आतून बंद झालं. मालक एकेक गालिचा हवेत फिरवून जमिनीवर टाकतो, त्याला नाही कसं म्हणायचं हे आपल्या माणसांना समजत नाही. सव्वा तास गेला. बंदरावर पोचलो तेव्हा चढण्याच्या वेळेला अकरा मिनिटं उरली होती आणि आमच्यातल्या एका आजींचा रक्तदाब वाढलेला. त्या दिवसापासून मी प्रत्येक गाडीवाल्याकडून मेलवर लिहून घेते: कुठल्याही दुकानात थांबायचं नाही. ‘तुमची इच्छा असेल तर’ हेही नको. स्वस्त दराची भरपाई बहुधा या दुकानांच्या कमिशनमधून होते, म्हणून फारच कमी दर आला तर मी तिथंच सावध होते.

पैशाचा हिशोब पुतण्यानं निम्माच मांडलाय. जहाज माणशी पैसे घेतं, गाडीवाला गाडीमागं. दोघंच असाल तर जहाज बहुतेक वेळा स्वस्त पडतं, सहा जणांत पारडं गाडीकडं झुकतं. पण तुलना करताना दोन्हीकडं त्याच गोष्टी धरा. समजा जहाजाची सहल माणशी ९० युरो, म्हणजे सहा जणांचे ५४०, त्यात प्रवेश तिकिटं धरलेली. समजा गाडी आणि गाइड मिळून ३२० युरो. पुतण्या म्हणणार, २२० वाचले. त्यात सहा जणांची तिकिटं, जेवण, पार्किंग आणि बक्षिशी मिळवा, मग फरक फार राहत नाही. हे आकडे नुसते पद्धत दाखवायला घेतलेत, तुमचे खरे आकडे या चौकटीत बसवून बघा. पैसे वाचवण्यासाठी गाडी करा असं मी म्हणणार नाही. तेवढ्याच पैशांत काकूंना त्यांच्या पायांनी चालता येतं, म्हणून करा.

गाडी ठरवताना गाइड आणि चालक वेगळे आहेत ना, हे विचारा. तुर्कस्तान, ग्रीस आणि इटलीत गाइडला सरकारी परवाना लागतो. चालक कितीही माहितगार असला तरी त्याला आत येऊन माहिती सांगता येत नाही, तो दारापाशी थांबतो. ‘इंग्रजी बोलणारा चालक’ एवढंच लिहिलं असेल तर गाइड धरलेला नाही असं समजा. तुर्कस्तानात परवानाधारक गाइडच्या गळ्यात ओळखपत्र असतं. सहा जणांना व्हिटोसारखी व्हॅन येते. तिची पायरी उंच असते, तेव्हा पायरीखाली ठेवायचा छोटा स्टूल मागवा, बहुतेकांकडं असतो. आगाऊ पूर्ण पैसे भरू नका, थोडी रक्कम आधी आणि बाकी सहल संपल्यावर. वाऱ्यामुळं किंवा लाटांमुळं जहाज बंदराला लागलंच नाही तर आगाऊ रक्कम परत मिळणार का, हे लेखी घ्या. जहाजाची सहल असती तर पैसे आपोआप परत आले असते. जहाजाचं नाव आणि वेळ गाडीवाल्याला कळवा. कुशादासीला बंदराच्या आत गाडी घ्यायला येत नाही, दुकानांच्या रांगेतून चालत बाहेर यावं लागतं आणि तुमच्या नावाचा फलक घेतलेला माणूस फाटकाबाहेर असतो. वाटेत ‘मीच तुमची गाडी’ म्हणणारे भेटतील. फलकावर नाव वाचल्याशिवाय कुणाबरोबर जाऊ नका.

सँतोरिनी थोडक्यात. तिथं जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटींनी उतरावं लागतं, वर केबल कार आणि दुपारी तिची लांब रांग. परतीची वेळ तुमच्या हातात राहत नाही. अक्रोतिरीचे कांस्ययुगीन अवशेष छताखाली आहेत, बघायचेच असतील तर जहाजाची सहल घ्या. नाहीतर त्या दिवशी डेकवर बसून बेट बघा, काकूंच्या गुडघ्याला विश्रांती मिळेल.

कताकोलोहून ऑलिंपिया गाडीनं पाऊण तासाच्या आत. ही जागा काकूंसाठीच आहे असं समजा. सपाट, झाडांची सावली, पायवाटा मातीच्या आणि खडीच्या. इसवी सनपूर्व ७७६ पासूनच्या ऑलिंपिक खेळांची ही भूमी. झ्यूस या ग्रीक देवाच्या देवळाचे खांब भूकंपात आडवे पडले ते गोल चकत्यांसारखे तसेच पडून आहेत, त्यातला एक २००४ मध्ये पुन्हा उभा केला. सात आश्चर्यांपैकी आणखी एक, फिडियसनं घडवलेली झ्यूसची मूर्ती, इथंच होती. तो ज्या कार्यशाळेत काम करायचा त्या इमारतीच्या भिंती अजून उभ्या आहेत. आणि इथंही नदीच आहे. अल्फिओस आणि क्लाडेओस या नद्यांनी सगळं कित्येक मीटर गाळाखाली पुरलं, म्हणूनच १८७५ पासून जर्मन पुरातत्त्वज्ञांना ते इतकं सापडत गेलं. एफेससमध्ये गाळानं शहर मारलं आणि ऑलिंपियात गाळानंच राखलं. मैदानात १९२ मीटरची धावपट्टी आहे, दोन्ही टोकांना दगडी रेषा. तुमच्या व्याह्यांना त्या रेषेवर उभं करून फोटो काढा. संग्रहालय चुकवू नका, हर्मिस देवाचा पुतळा तिथं आहे. आधी अवशेष, मग संग्रहालय, म्हणजे ऊन चढल्यावर तुम्ही आत असाल.

नेपल्सला मी दोन गट पाडा म्हटलं ते पॉम्पेईच्या रस्त्यांमुळं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं शहर, १७४८ पासून खोदत आणलेलं. पण रस्ते मोठमोठ्या दगडांचे, गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेले, ओलांडायला उंच ठोकळे. सोपा मार्ग आखलेला आहे, तोही तीन किलोमीटरच्या वर. चौघांनी पॉम्पेईला जा, तिकीट आधी काढा. दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळं ओळखपत्र हवं. काकू आणि विहीणबाईंनी टॅक्सीनं नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावं. बंदरापासून जवळ आहे. मंगळवारी बंद असतं, तेवढा वार बघून घ्या. पॉम्पेईतली उत्तमोत्तम चित्रं आणि मोझेक तिथंच आणून ठेवलेले आहेत.

आणि तिथं एक वस्तू अशी आहे जिच्यासाठी मी प्रत्येक गटाला थांबवते. वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती, गळ्यात हार, हातापायांत भरगच्च दागिने, दोन्ही बाजूंना दासी. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात सापडली. ती भारतातून गेलेली आहे. तिच्याशी जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडं तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. म्हणजे आपल्या दख्खनच्या बाजारपेठांतला कुणी व्यापारी आणि पॉम्पेईतलं ते घर यांच्यामध्ये १९०० वर्षांपूर्वी माल येत-जात होता. उलट बाजूची खूण तर आपल्या दारात आहे. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. माझ्या गटांना मी निघण्याआधी एका रविवारी कोल्हापूरला नेऊन ती दाखवते. तुम्हीही जाऊन या. आणि कऱ्हाडला आगाशिवाच्या डोंगरातली लेणी पाहिली असतील तर एफेससमध्ये उभं असताना एवढं लक्षात ठेवा, की दोन्हीकडं साधारण त्याच काळात छिन्नी चालू होती.

शेवटच्या दिवशी जहाज पुन्हा पकडायचं नाही, भीती संपली. तुमचं विमान संध्याकाळी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळाहून आहे. सामान घेऊन रोमच्या गर्दीत शिरण्यापेक्षा व्हॅननं ओस्तिया आंतिकाला जा, विमानतळाजवळच आहे. रोमचं जुनं बंदर-शहर, पाइनची झाडं, थिएटर, व्यापाऱ्यांच्या चौकातले मोझेक, आणि गर्दी फार कमी. सोमवारी बंद असतं. चालक गाडीजवळच थांबणार, सामान सोडून कुठं जाणार नाही, हे आधी ठरवून घ्या. काकूंनी दमल्यावर झाडाखाली बसावं, तिथून तासाभरात सगळे विमानतळावर.

रोजच्या पिशवीत काय हवं तेही सांगते. जहाजाचं कार्ड, पासपोर्टची आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स (बऱ्याच जहाजांवर मूळ पासपोर्ट त्यांच्याकडं राहतो), दिवसभराची औषधं, आणि जहाजाच्या त्या दिवशीच्या पत्रकातला बंदर-एजंटचा फोन नंबर. हा नंबर कुणी लिहून घेत नाही, पण उशीर होतोय असं दिसलं की पहिला फोन तिथं करायचा असतो. खायला भडंगाची बंद पाकिटं चालतात. जहाजावरची फळं आणि जेवण खाली नेऊ नका, बहुतेक बंदरांवर चालत नाही. आणि काकू कंदी पेढे नेणार असतील तर थांबवा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, अथेन्सच्या विमानतळावरच ते काढून घेतील.

व्हिसाचं सगळ्यात आधी बघा. तुमचा शेंगेन व्हिसा (ग्रीस, इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) अनेकदा प्रवेशाचा असायलाच हवा. पिरेयसहून कुशादासीला गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि सँतोरिनीला पुन्हा आत येता. एकदाच प्रवेशाचा शिक्का असेल तर तिथं अडकाल. अर्ज भरताना एजंट सवयीनं एकदाच लिहून टाकतात, स्वतः वाचून सही करा. चालू शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. कंपनीला तुमच्या जहाजासाठी नेमका कोणता कागद लागतो ते त्यांच्याकडून मेलवर मागून घ्या. ते उत्तर आणि जहाजाचं छापील वेळापत्रक दोन्ही मला पाठवा, कताकोलोच्या दिवसाचा हिशोबही शेवटाकडून मांडून देते.